संशय खरा असू द्या

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "गेली तीन वर्षं एक ऐतिहासिक कादंबरी लिहिते आहे. काळ १७०८ चा. नायक-नायिका दोघंही सरदार घराण्यांतली. लग्न वडीलधाऱ्यांनी जुळवलेलं, राजाराम महाराजांच्या काळात, दोघं अगदी लहान असताना. आता सासर संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज यांच्याकडे गेलं आहे आणि माहेर राजाराम महाराजांच्या राणी ताराबाईंच्या बाजूलाच राहिलं आहे. गढीतल्या बातम्या तिकडच्या गोटात पोचायला लागतात आणि नायकाला बायकोचा संशय येतो. तो तिच्याशी बोलणं टाकतो, तिची पत्रं अडवतो. शेवटी उघड होतं की फितूर धाकटा दीर होता, ती निर्दोष होती. मग नायक तिची क्षमा मागतो. तीन मैत्रिणींना वाचायला दिलं. तिघींनी एकच विचारलं, 'तो तिला सरळ विचारत का नाही? एका संध्याकाळी मिटलं असतं.' नायक तर कुणालाच आवडला नाही. त्याचा संशय पटावा म्हणून अजून दोन-तीन पुरावे पेरू का? की तीनशे ऐंशी पानं बासनात बांधून ठेवू? शिवाय बालपणी लग्न झालेल्या माणसांची प्रेमकथा आज लिहावी तरी कशी, हाही प्रश्न छळतो."

बासनात बांधू नका. तुम्ही काळ निवडलाय तो असा आहे, की त्यात संशयाची गोष्ट रचावी लागत नाही, ती वाटेवर पडलेली आहे. मैत्रिणींनी दुखरी जागा बरोबर दाबली आहे. पण अजून पुरावे पेरल्याने दुखणं वाढेल. पुरावे जितके जास्त, तितका शेवटी तो मूर्ख ठरेल, कारण ते सगळेच खोटे निघणार आहेत. आणि ती बिचारी तीनशे पानं काय करते? कुणीतरी येऊन आपल्याला निर्दोष म्हणेल याची वाट बघते. तिच्या वाट्याला सोसण्यापलीकडे काही आलेलंच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: संशय खरा असू द्या. सगळा नव्हे, पण खरा. तिने माहेरी काहीतरी कळवलेलं असू द्या.

तुम्ही दचकाल. पण तिच्या जागी बसून बघा. वडील एका छत्रपतींच्या बाजूला, नवरा दुसऱ्या. उद्या नवऱ्याची फौज ज्या वाटेने जाणार आहे, त्या वाटेवर भावाचं ठाणं आहे. तिला हे ठाऊक आहे, कारण ती त्याच घरात राहते. अशी मुलगी गप्प बसेल? आणि गप्प बसली, भाऊ मारला गेला, तरी नवऱ्यावर तिचं प्रेम तसंच राहील? तुमच्या आत्ताच्या कादंबरीत हा प्रश्न तिला पडतच नाही, कारण तुम्ही तिला स्वच्छ ठेवायचं आधीच ठरवून टाकलंय.

त्या काळात सोयरीक म्हणजे राजकारणच होतं, हे तुम्हाला सांगायला नको. शिवाजी महाराजांनी आपली मुलगी राजकुंवर शिर्क्यांकडे दिली आणि शिर्क्यांची येसूबाई सून म्हणून आणली. नातं दोन्हीकडून बांधलं, म्हणजे ते तुटणार नाही असा हिशोब. पुढे संभाजी महाराजांच्या काळात तेच शिर्के मोगलांकडे गेले. येसूबाईंच्या मनाची त्या दिवसांत काय अवस्था असेल याचा एकही कागद आपल्याकडे नाही, आणि मला वाटतं, तुमच्या नायिकेची खरी आई ती न लिहिलेली पानं आहेत. संगमेश्वरला १६८९ मध्ये महाराज पकडले गेले, तेव्हा परंपरेने बोट दाखवलं ते गणोजी शिर्क्यांकडे, म्हणजे राणीच्या सख्ख्या भावाकडे. त्या आरोपावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. पण गंमत अशी, की पुढे जिंजीला वेढा पडला असताना राजाराम महाराज निसटले ते याच गणोजींच्या मदतीने, आणि त्याबदल्यात महाराजांचे चिटणीस खंडो बल्लाळ यांनी आपलं वतन त्यांना देऊ केलं, अशी हकिकत सांगितली जाते. एकच माणूस एका छत्रपतींचा घात करणारा म्हणून ओळखला जातो आणि दुसऱ्या छत्रपतींना वाचवणारा म्हणून. त्याला फितूर म्हणायचं की इमानी? तुमच्या दिराच्या कपाळावर तुम्ही इतक्या सहज शिक्का मारलात, म्हणून विचारते.

नायक संशय घेतो म्हणून वाचकांना तो हलका वाटू नये, असं तुम्हाला वाटत असेल, तर आणखी एक हकिकत कादंबरीत कुणाच्या तरी तोंडी घाला. १६९७ मध्ये संताजी घोरपड्यांसारखा सेनापती नागोजी मान्यांनी मारला. कारण सांगतात ते असं: नागोजींच्या बायकोचा भाऊ अमृतराव निंबाळकर, त्याला संताजींनी हत्तीच्या पायी दिलं होतं. बहिणीने ते मनात धरलं आणि नवऱ्याला स्वस्थ बसू दिलं नाही. ही गोष्ट तुमच्या नायकाने मुलगा असताना शेकोटीपाशी नक्की ऐकलेली असणार. माहेरचं दुःख सासरच्या तलवारीत उतरतं, हे त्याच्या पिढीला ठाऊक होतं. तेव्हा त्याचा संशय म्हणजे विकृती नव्हे, ते त्याच्या काळाचं शहाणपण आहे.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. तुमच्या हस्तलिखितात तिला जागाच नाही.

नायकाचं घराणं शाहू महाराजांकडे गेलं, असं तुम्ही एका ओळीत लिहून मोकळ्या झालात. कसं गेलं? औरंगजेब मेल्यावर १७०७ मध्ये शाहू महाराज सुटले, मोगलांच्या जवळजवळ साडेसतरा वर्षांच्या कैदेनंतर. सातव्या वर्षी गेलेला मुलगा पंचविशीत परत आला. त्याचा चेहरा कुणाला ओळखू येणार? हा तोतया आहे, असं ताराबाईंच्या बाजूने सांगितलं गेलं. आपल्या सरदारांकडून त्यांनी दूधभातावर हात ठेवून इमानाची शपथ घेतली, असं सांगतात. आणि मग १२ ऑक्टोबर १७०७ ला खेडला, भीमेच्या काठी, लढाई उभी राहिली तेव्हा सेनापती धनाजी जाधवच शाहू महाराजांकडे गेले. पुढच्या जानेवारीत साताऱ्याला राज्याभिषेक झाला. तुमच्या नायकाचं घराणं धनाजींच्या मागोमाग गेलं असं धरा, तारखा नीट जुळतात.

म्हणजे त्याने, किंवा त्याच्या वडिलांनी, त्या दूधभातावर हात ठेवलेला होता.

बघा, आता सगळंच बदलतं. संशय घेणारा माणूस स्वतः शपथ मोडून आलेला आहे. शपथ किती सहज मोडते हे त्याला आतून माहीत आहे, म्हणून त्याला बायकोच्या इमानाची खात्री वाटत नाही. आणि ती? तिच्या घराने बाजू बदललेलीच नाही. बदलली ती याच्या घराने, तिला न विचारता. ती कालपर्यंत जिथे होती तिथेच आहे, आणि रात्रीत ती शत्रूकडची झाली. ही जखम तिच्या बाजूने एकदा तरी बोलली गेली पाहिजे. तिने मोठ्या आवाजात बोलायची गरज नाही. सासूबाई कुणाच्या तरी फितुरीबद्दल बोलत असताना ती दूधभात वाढायला उठली, एवढं पुरे.

ही गोष्ट धरलीत, की मैत्रिणींच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं. तो तिला सरळ का विचारत नाही? आत्ता तुमच्याकडे उत्तर आहे, अभिमान. ते दुबळं आहे, आणि अभिमानी नवरे वाचकांनी फार पाहिले आहेत. खरं उत्तर असं: विचारलं, आणि तिने खरं सांगितलं, तर त्याला काहीतरी करावं लागेल. तो नवराही आहे आणि सरदारही. 'हो, मी आबांना कळवलं' हे शब्द एकदा कानावर पडले, की ते साताऱ्याला न कळवणं ही हरामखोरी, आणि कळवणं म्हणजे तिला स्वतःच्या हाताने मारणं. म्हणून तो विचारत नाही. त्याचं न विचारणं हाच त्याने तिच्याभोवती घातलेला एकमेव पहारा आहे. तीही त्याच कारणाने सांगत नाही. सांगितलं तर आपण आपलं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवू, हे तिला कळतं.

तुम्ही जे मौन रागाचं म्हणून लिहिलंय, तेच मायेचं म्हणून लिहा. प्रसंग तेच राहतील. तो तिच्या दालनापाशी येऊन परत फिरतो तो प्रसंग, तिने दिवा मालवायला उशीर करणं, सगळं तसंच. फक्त आता वाचकाला दोघांचीही बाजू कळत असेल आणि दोघांनाही एकमेकांची कळत नसेल.

पत्रांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमचं सगळं कथानक पत्रांवर उभं आहे. तुमची नायिका मध्यरात्री एकटी बसून पत्र लिहिते, घडी घालते आणि दासीच्या हाती देते. हे फार अलीकडचं वाटतं. अशा घरातल्या स्त्रियांची पत्रं बहुतेक कारकुनाच्या हातची. ती पडद्याआडून सांगणार, तो बोरूने मोडीत उतरवणार. म्हणजे तिच्या गुपितात पहिल्या क्षणापासून एक तिसरा माणूस आहे, आणि तो सासरचा नोकर आहे. ती त्याच्यासमोर काय सांगते आणि काय गाळते, यातच अर्धं प्रकरण निघेल. तुम्हाला ती लिहिणारी हवीच असेल तर तसं करा, पण मग तिला अक्षर कुणी शिकवलं हे आम्हाला कळू द्या, आणि सासरी ते ठाऊक आहे की नाही हेही.

दुसरं म्हणजे पत्रात सगळं नसायचंच. बाकीचा मजकूर तोंडी सांगितला आहे, येणारा सांगेल, अशा अर्थाचं वाक्य जुन्या पत्रांत पुन्हा पुन्हा भेटतं. नाजूक गोष्ट कागदावर घालायची नाही, जासुदाच्या जिभेवर ठेवायची. तुमच्या नायकाने लखोटा फोडला, लाख तडकली, आत बघतो तो सणाला आलेल्या लुगड्याची पोच आणि भाच्याच्या जावळाची चौकशी. त्याला हायसं वाटायला हवं. पण त्याची नजर खाली शेवटच्या ओळीवर जाते, 'बाकी वर्तमान मुखजबानी कळेल.' आता काय करायचं त्याने? पत्र त्याच्या हातात आहे, आणि ते वाचून त्याला काहीही कळलेलं नाही. जासूद तर समोर उभा आहे, तळव्यांना माती, डोळे जमिनीकडे. त्याला विचारता येईल, फटके देता येतील. तुमच्या नायकाने लखोट्यावर पुन्हा लाख लावायला सांगून जासुदाला भाकरी खाऊन निघ म्हटलं, तर तुमच्या मैत्रिणी त्याच्या प्रेमात पडतील.

आणि राजपत्राच्या शेवटी मोर्तब असतं, मजकूर इथे संपला हे सांगणारा शिक्का, म्हणजे खाली कुणी ओळ वाढवू नये. घरगुती पत्राला तसं कुंपण नाही. तुमच्या दिराला काही करायचंच असेल, तर ही फट त्याच्या उपयोगाची आहे.

बालपणीच्या लग्नाबद्दल. तुमची अस्वस्थता योग्य आहे आणि ती सोडू नका. त्या लग्नात रंग भरू नका, मुंडावळ्या आणि चोरटे कटाक्ष तर अजिबात नकोत. तिथे दोन लहान मुलं आहेत, झोप अनावर झालेली, आणि त्यांच्या डोक्यावरून दोन घराणी करार करताहेत. एका परिच्छेदात सांगून पुढे जा. प्रेमकथा सुरू होते ती फार नंतर, ती बावीस-तेवीस वर्षांची आणि तो तिच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असताना. मधली वर्षं मोगलांशी धावपळीच्या लढाया चालू होत्या, पुरुष महिनोन् महिने घोड्यावर. म्हणजे तुम्हाला आयतंच मिळालंय ते असं: ही दोन मोठी माणसं कित्येक वर्षं नवरा-बायको आहेत आणि एकमेकांना ओळखत नाहीत. तिचं माहेरचं नाव त्याला ठाऊक आहे, पण त्या नावाने हाक मारणारं गढीत कुणी नाही. ते नाव फक्त तिला येणाऱ्या पत्रांत असतं. दोघांनी एकमेकांना निवडलेलं नव्हतं. या कादंबरीत ती एकमेकांना निवडतात की नाही, तेवढंच बघायचं आहे, आणि निवडायला नकाराची मोकळीक लागते. तिला एकदा माहेरी निघून जाण्याची खरी संधी द्या. मेणा दाराशी, भोई तयार, भाऊ घ्यायला आलेला. तुमच्या कादंबरीत ती कधीच जाऊ शकत नाही, म्हणून तिचं राहणंही मनाला भिडत नाही.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी एकच सांगते. 'प्राणेश्वर' आणि 'नाथ' काढून टाका. बायकांमध्ये ती त्याच्याबद्दल बोलेल तेव्हा 'स्वारी' म्हणेल, समोर बहुधा काहीच म्हणणार नाही, वाक्य कर्त्याशिवाय सुरू करेल. कर्ता नसलेली ती वाक्यं तुमच्या नायिकेला फार शोभतील.

राहिली क्षमायाचना. साडेचार पानं तो बोलतोय आणि ती रडतेय. मला तिथे शाहू महाराजांना येऊन मिळालेले सरदार परसोजी भोसले आठवत राहिले. शाहू महाराज तोतया आहेत अशी कुजबुज चालली असताना परसोजींनी काय केलं, तर सगळ्यांदेखत त्यांच्याबरोबर एका ताटात जेवले. भाषण नाही, पुरावा नाही. ज्याच्या ताटात जेवलो तो आपल्या रक्ताचा, विषय संपला. तुमच्या नायकाने हे पुढे गोटात आल्यावर ऐकलेलं असणार. आणि घरी त्याची बायको रोज त्याच्या उष्ट्या ताटात जेवते, रीतच आहे ती, त्यात विशेष काही नाही. म्हणून सुचवते, पटलं तर घ्या. तो रात्री उशिरा रस्त्यावरून येतो. गढी निजलेली आहे. ती ताट वाढते आणि बाजूला उभी राहते, रोजच्यासारखी. तो अर्धी भाकरी मोडतो आणि ताट सरकवतो, दोघांच्या मध्ये येईल एवढं. मग हात थांबवतो. घास घेत नाही, बोलत नाही. ती बसेपर्यंत थांबतो. तिला कळतं की त्याला सगळं माहीत आहे, आणि कधीपासून माहीत आहे तेही कळतं. मग ती काय बोलते ते तुम्ही ठरवा, पण फार बोलू देऊ नका.

एक सावधगिरी. शपथेची, ताटाची अशा हकिकती सांगोवांगीच्या आणि बखरींतल्या आहेत, आणि बखरी पुष्कळदा घटनेनंतर शंभर-शंभर वर्षांनी लिहिल्या गेल्या. मल्हार रामराव चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. त्यांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांनी मृत्युदंड दिला होता, आणि त्या बखरीतले संभाजी महाराज कसे रंगवले आहेत ते तुम्ही वाचलंच असेल. घराण्याचा सल कागदावर शतकभर टिकतो. कादंबरीकार म्हणून या हकिकती जरूर वापरा, पण पात्रांच्या तोंडी घाला, 'असं म्हणतात' म्हणून. निवेदकाच्या तोंडी खात्रीने घालू नका.

आणि दीर. त्याला काढू नका. त्यानेही बातमी पोचवलेली असू द्या, पण वतनाच्या लोभाने नव्हे. तो सोळा-सतरा वर्षांचा आहे. मोठ्या भावाने शपथ मोडली याची त्याला लाज वाटते, आणि गढीत तेवढा एकटाच वहिनीच्या बाजूचा आहे. पकडला गेल्यावर नायकाने काय करायचं हे मला सुचलेलं नाही, पण ते प्रकरण तुम्ही सगळ्यात आधी लिहायला घ्या. तिथे तो जे करेल त्यावरून मागची तीनशे पानं कशी बदलायची ते तुम्हाला दिसेल.